आईचा वाल आणि पांढरी माशी

सकाळी मी ड्युटीला निघायच्या घाईत होतो आणि आईने एक पान माझ्या नाकासमोर धरलं. वालाचं पान. हिरवंच होतं, पण शिरांच्या कडेने पिवळी जाळी धरली होती.

"बग. परत आला," ती म्हणाली.

काय आलं, हे विचारावं लागलं नाही. आदल्या वर्षी याच रोगाने आमचा वाल बसवला होता. आधी पानांवर पिवळी जाळी येते, मग अख्खं पान पिवळंधमक होतं, झाड खुजं राहतं. फुलं कमी लागतात, शेंगा आखूड आणि वाकड्या होतात आणि त्यात दाणा भरला तर सुरकुतलेला. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. एवढ्या ओंगळ गोष्टीला इतकं सुवासिक नाव कुणी दिलं, मला माहीत नाही.

आमचं घर अंजूरला. भाताची जमीन होती ती बहुतेक गोदामांखाली गेली. घरासमोरचा रस्ता आणि नाला ओलांडला की एका गोदामाच्या भिंतीला टेकून एक तुकडा उरला आहे, तेवढाच. मी स्वतः वडपे गावच्या गोदामात सुपरवायझर आहे, म्हणजे ज्याने शेत गिळलं त्याच्यावरच माझी चूल पेटते. हे मला टोचत राहतं. मला पुष्कळ गोष्टी टोचत राहतात. बायको म्हणते, "तुम्हाला माफी मागायला कारण लागत नाही, नुसता समोर माणूस लागतो." ती चुकीचं बोलत नाही.

त्या तुकड्यात पावसाळ्यात भात, आणि भात कापला की त्याच ओलीवर आई वाल टाकते. वालाला कुणी पाणी देत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दंव एवढ्यावर तो वाढतो. आईचा वाल बारीक, तांबूस आणि कडवट आहे. बाजारचे वाल भिजवून फडक्यात बांधले तर निम्म्यांना मोड येतात आणि निम्मे दगडासारखे राहतात. आईच्या वालाला एकजात मोड येतात आणि सोलायला घेतले की साल बोटांवर आपसूक सुटतं. लग्न होऊन ती माहेरच्या कोन गावाहून आली तेव्हा हे बी बरोबर घेऊन आली होती. कोनला तिच्या भावांनी वाल कधीच सोडला. त्यांच्याकडे आता वालाला जमीनच नाही. म्हणजे हा वाल जगात कुठे असेल तर आईच्या मडक्यात. ती तो राखेत घोळवून मडक्यात भरते, तोंडाला फडकं बांधते आणि मडकं माळ्यावर ठेवते. दर वर्षी पेरून झाल्यावरही दोन-चार मुठी मागे ठेवायची तिची शिस्त होती.

आदल्या वर्षीच्या केवड्याने ती शिस्त मोडली. हाती लागलेलं बी इतकं थोडं होतं की यंदा मडकं पालथं करून सगळं पेरावं लागलं. गोष्ट इतकी सरळ होती. यंदा त्या तुकड्यातून धड बी निघालं नाही, तर आईचा वाल संपला.

मी शेतकी ऑफिसात फोन केला. तिथल्या ताई स्कूटीवरून आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी एक पान उलटं केलं, झाड हलकेच हलवलं, आणि चक्कीतून पीठ उडावं तसं काहीतरी पांढरं उडालं आणि परत पानांखाली बसलं.

"ही पांढरी माशी," त्या म्हणाल्या. "पण काका, रोग माशीचा नाही, विषाणूचा. माशी नुसती वाहून नेते. आजारी झाडाचा रस पिते, उठते, चांगल्या झाडावर बसते, तिथे सोंड खुपसते. झालं काम."

"मग फवारायचं काय?"

"लागलेल्या झाडाला काहीच नाही. ते उपटायचं. बाकीच्यांसाठी माशी कमी करायची. निंबोळी तेल मारा, पिवळे चिकट सापळे लावा. माशीला पिवळा रंग आवडतो." मग त्या कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे बघायला लागल्या. "मला एक सांगा. पावसाळाभर इथे भात होता. भातावर हा रोग राहत नाही. मग तो वाल उगवेपर्यंत राहिला कुठे? जवळपास कुणाचा बारमाही वेल आहे का? वालपापडी, घेवडा, असलं काही? तो वालाच्याच जातीचा. तसल्या जुन्या वेलात रोगही टिकतो आणि माशीही. असेल तर आधी तो काढा. नाहीतर इथे कितीही उपटलंत तरी येतच राहणार."

आई तेव्हा बांधाच्या पलीकडे होती. तिने ऐकलं नाही. मी म्हटलं, "बघतो."

बघण्यासारखं काही नव्हतं. तो वेल आमच्याच कुंपणावर होता आणि तो माझ्या वडिलांचा होता.

बाबांचे गुडघे गेले आहेत. सगळं आयुष्य चिखलात उभं राहून काढलेला माणूस आता ओटीवरच्या खुर्चीत बसतो. खुर्चीतून हात पोचेल अशा बेताने त्यांनी कुंपणाच्या तारेवर वालपापडी चढवली. ती तारेवरून न्हाणीघराच्या पत्र्यावर गेली, तिथून परत खाली आली, आणि ओटीसमोर हिरवी भिंत उभी राहिली. बाबा सकाळी तिला पाणी घालत, शेंडे वळवून बांधत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही शेंगा देत. रिक्षावाल्यालासुद्धा सोडत नसत.

"ओ, थांब! शेंगा घेऊन जा."

"आजोबा, परवा तर दिल्या."

"मंग ह्या शेजाऱ्याला दे. त्याचं तोंड गोड व्हईल, तुला रस्ता सोडंल."

वेलाच्या पानांवर पिवळी जाळी होतीच. आम्ही ती रोज बघत होतो. बाबा म्हणायचे, "म्हातारा झाला, माझ्यासारखा," आणि त्यावर सगळे हसायचे. जून वेल, जोर भरपूर, रोग अंगावर घेऊनही शेंगा देत होता. तो आजारी आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता माझ्या डोक्यात आलं होतं, आणि मी ते तिथेच ठेवलं. मनात म्हटलं, ज्या माणसाकडे शेत राहिलं नाही, पाय राहिले नाहीत, त्याच्याकडून हा वेलही मागायचा? कुणी मागायचा? ज्याने गोदामाच्या कागदावर त्यांचा हात धरून अंगठा टेकवला, त्या मी? मला ते जमलं नाही. त्याऐवजी मी बाकीचं सगळं केलं, आणि इतक्या मेहनतीने केलं की मला स्वतःलाच वाटायला लागलं की मी काहीतरी करतोय.

गोदामात माल येतो तेव्हा त्याच्यामध्ये प्लास्टिकचे पिवळे पुठ्ठे लावलेले असतात. मी ते गोळा करायला लागलो. आमच्या लोडरने विचारलं, "साब, ये पीला माल किधर जाएगा?"

"खेत में."

"खेत में? शादी है क्या?"

"शादी भी है," मी म्हटलं. खरंच होती. जानेवारीत माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

पुठ्ठ्यांना एरंडेल चोपडून मी ते काठ्यांवर टांगले आणि वालात रोवले. संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा थर बसला. आई खूश झाली. एकेक पुठ्ठा जवळून बघून म्हणाली, "मरा बयांनो, मरा." वेलाच्या फटीतून डोकावून बाबा ओटीवरून ओरडले, "शेतात काय सेल लावलाय गो? मला एक शर्ट घे!"

मी सुट्टीच्या दिवशी निंबोळी तेल मारत होतो, पिवळी झाडं उपटून पिशवीत भरून आणत होतो. तरी दर आठवड्याला नवीन पिवळी झाडं दिसायची, आणि तीही घराकडच्या बाजूला जास्त. आईच्या नजरेतून ते कसं सुटेल?

"घराकडूनच कसा येतो रं हा?"

"वाऱ्यानं येत असेल," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. माशी वाऱ्यावरच येत होती. वारा कुठून वाहतो एवढंच मी सांगितलं नाही. आई वाकून रोपं उपटायची, प्रत्येक रोप हातात घेऊन क्षणभर बघायची आणि पिशवीत टाकायची, आणि मी तिच्या शेजारी उभा राहून तेच करायचो. रात्री जेवताना बाबा विचारायचे, "कसा हाय वाल?" मी म्हणायचो, "ठीक आहे." आई माझ्याकडे बघायची आणि बाबांना भाजी वाढायची. तिला वाटायचं मी त्यांना काळजी नको म्हणून सांगत नाही. त्या बाबतीत आम्ही दोघं एका बाजूला होतो, एवढीच माझी सोय होती.

मग हळदीचा दिवस आला.

आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. हल्ली त्यात आणखी भर पडली आहे, सगळ्यांनी पिवळंच घालायचं. दुपारची उन्हं कलली तेव्हा अंगणात पिवळ्या साड्या, पिवळे कुर्ते, वर पिवळा मंडप. बाबांना पिवळा फेटा बांधून खुर्चीसकट अंगणात आणून बसवलं होतं. मुलगी पाटावर, आणि तिच्या मावश्या, काकी, माझी बायको, सगळ्या मिळून तिच्या हातापायांना, तोंडाला तेलात कालवलेली हळद फासत होत्या. बँजोवाले जोरात होते.

मंडपवाल्याच्या माणसाला कडेचं पिवळं कापड बांधायला जागा हवी होती. त्याने कुंपणाच्या तारेला हात घातला, वेल आडवा आला, म्हणून त्याने तो धरून जोरात बाजूला ओढला.

सगळा वेल हलला आणि त्यातून पांढरा धुरळा उठला. तो हवेत थोडा घुटमळला आणि खाली आला. कुठे जाणार? सगळं अंगण पिवळं होतं.

"अगो, ह्ये काय उडतंय?"

"माझ्या साडीवर बग!"

"मंडपवाल्या, काय चुना पाडलास की काय!"

साड्यांवरच्या माश्या झटकून जात होत्या. माझ्या मुलीच्या अंगावरच्या जाईनात. तिने दोन्ही हात समोर धरले. कोपरापासून बोटांपर्यंत पिवळेजर्द, तेलकट, आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके.

"पप्पा, मला तीळ लावलेत बघा!" ती म्हणाली आणि हसायला लागली.

आई पुढे झाली. तिने नातीचा हात धरला आणि डोळ्यांजवळ नेला. बाकीच्या बायकांना त्यात गंमत दिसत होती. आईने मात्र महिनाभर रोज संध्याकाळी पुठ्ठ्यांवर हेच बघितलं होतं. ती वळली, कुंपणापाशी गेली, एक पान उलटं केलं. दुसरं केलं. मग पदराने हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. ती विचारत नव्हती.

मी मान खाली घातली. माझ्या पिवळ्या कुर्त्यावर पण चार-पाच बसल्या होत्या.

"काय झालं गो तिकडं?" बाबांनी खुर्चीतून हाक मारली. "वेलात साप निंगाला काय?"

"साप न्हाय. तुमी पाळलेलं गोकूळ निंगालं," आई म्हणाली. "माज्या वालाची वाट तुमच्या वेलानं लावली."

"माज्या वेलानं? ते दोगं भेटले तरी कवा?"

लोक हसले. बँजोवाल्यांना वाटलं काही विधी आहे, त्यांनी वाजवायचं थांबवलं. त्या शांततेत, सगळ्या नातेवाइकांसमोर, मला सगळं सांगावं लागलं. माशी, विषाणू, पावसाळाभर रोग कुठे राहतो, शेतकी ऑफिसातल्या ताई काय म्हणाल्या. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला.

बाबांनी ऐकून घेतलं. फेट्यावरची एक माशी त्यांनी बोटाने उडवली.

"कवापासून म्हाईत हाय तुला?"

"त्या आल्या होत्या तेव्हापासून."

"मंग बोलला का न्हायस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला?" त्यांनी वर वेलाकडे बघितलं. "अरं, ही भाजी मला आवडत बी न्हाय. तुजी आय रोज करते म्हणून खातो."

"आँ?" आई म्हणाली. "तुमाला आवडते म्हणून मी करते!"

असा हशा उठला की मंडप हलला. कुणीतरी म्हणालं, आज दोन-दोन लग्नं लावा, ह्या दोघांची परत ओळख करून द्यायला हवी. मुलगी पाटावरून ओरडली, "आधी माझं अंग पुसा, मग भांडा!"

"पुसू नको," आई म्हणाली. "पोरी, जरा सरक वेलाकडं. चिकटतील तेवढ्या चिकटू दे."

आणि खरंच नवरीचा पाट दोन हात वेलाकडे सरकवला गेला. हळद परत सुरू झाली, बँजो परत सुरू झाला. मी बाबांच्या खुर्चीमागे उभा होतो. त्यांनी मागे न बघता माझं मनगट पकडलं आणि खाली ओढलं. गर्दीत कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "गुडगं गेलं माजं. डोकं न्हाय गेलं. शेतात रोग हाय आन् तू मला रोज सांगतोस ठीक हाय. मी काय पावणा हाय रं या घरात?"

मी त्यांच्यासाठी वेल वाचवत होतो असं मला वाटत होतं. खरं तर मी त्यांना शेतातून काढूनच टाकलं होतं, आणि या वेळी कुठल्याही कागदावर अंगठा न घेता.

ती भाजी त्यांना खरंच आवडत नव्हती, की माझी मान वर यावी म्हणून ते तसं बोलले, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही ठरवू नका. तुम्ही ठरवलं की काहीतरी होतं."

लग्न पार पडलं आणि त्यानंतरच्या एका थंड सकाळी आम्ही वेल काढला. ताईंना फोन करून नीट विचारून घेतलं होतं. वेल नुसता कापला असता तर सगळी माशी उठून सरळ वालावर गेली असती. म्हणून आधी आई-बाबांनी मिळून हाताला येतील तेवढ्या शेंगा काढल्या आणि गल्लीत वाटल्या. मग निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी. बाबा खुर्चीत बसून हातपंप मारत होते आणि आई पानं उचलून धरत होती.

"खालून मार, खालून. वर काय बसल्यात त्या?"

"मी कवापासून फवारतोय ठावं हाय ना? तुज्या जन्माच्या आधीपासून."

"मंग तवा पण वरूनच मारत असाल."

गारठ्यात माशी फारशी उडाली नाही. ती गपगार झाल्यावर मी कोयत्याने वेल बुंध्यापाशी तोडला, आम्ही त्याचे तुकडे गोणींत भरले आणि तोंडं बांधून टाकली. बुंधा माझ्या मनगटाएवढा जाड होता. बाबांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "ह्यो बी गोणीत." एवढंच.

वेल गेल्यावर ओटीवरून वालाचा तुकडा दिसायला लागला. त्या दिवसापासून बाबांनी तिथूनच कारभार हाती घेतला. आई शेतात वाकली की इकडून आवाज जायचा, "डावीकडं! डावीकडं एक पिवळं राहिलं!" आई हात हलवून त्यांना गप्प बसवायची. चार-पाच दिवस हे चाललं. मग ते म्हणाले, "मला ने तिकडं."

मी त्यांना शेतावर नेलं नव्हतं कारण मला वाटायचं, गोदामाची ती भिंत बघून त्यांना त्रास होईल. हेही मीच ठरवलेलं. त्या दिवशी मुलगी आणि जावई आले होते, लग्नानंतर पहिल्यांदा. मला एकट्याला खुर्ची उचलवणार नव्हती. जावयाने बाह्या सरसावल्या आणि खुर्चीची दुसरी बाजू धरली. बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, पाहुणचाराला बोलावलंय त्यांना!"

"तोच पाहुणचार चाललाय," बाबा वरून म्हणाले. "नीट धरा रं, नाल्यात घालाल."

शेतात पोचल्यावर मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्यांनी भिंतीकडे एकदा बघितलं, जसं आपण ओळखीच्या नसलेल्या माणसाकडे बघतो. मग वालाकडे बघितलं आणि म्हणाले, "बांध कुणी नीट केला न्हाय." तो माझ्यासाठी टोला होता आणि मला तो फार बरा वाटला.

मग आम्ही त्यांची खुर्ची वालातून पुढे पुढे सरकवत गेलो. ते दोन्ही बाजूंची पिवळी झाडं ओढून काढत आणि मांडीवरच्या पिशवीत टाकत. एका जागी त्यांचा हात थांबला. आजूबाजूची झाडं पिवळी पडून उपटून झाली होती आणि मध्ये एकच झाड हिरवंगार उभं होतं, शेंगांनी लगडलेलं.

"ह्याचं बी ठेव," ते आईला म्हणाले. "चहूबाजूनं रोग आला तरी ह्यानं घेतला न्हाय."

"मला शिकवू नका," आई म्हणाली. "बुडाशी बगा."

बुडाशी लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती. बाबांनी इकडेतिकडे मान वळवली. शेतभर तशी आणखी झाडं होती, चिंध्या बांधलेली. आईने ती आधीच निवडून ठेवली होती. पुढची सगळी ओळ बाबा हसत होते.

वेल गेल्यावर केवडा एका दिवसात थांबला नाही. ज्यांना आधीच लागला होता ती झाडं पिवळी होत राहिली. पण हळूहळू नवीन पिवळी कमी झाली. पुठ्ठ्यांवर माशी दिसेनाशी झाली. निम्म्याहून जास्त तुकडा मोकळा पडला. उरलेल्यावर मात्र शेंगा भरल्या, उन्हं तापायला लागली तशा वाळल्या आणि खडखडायला लागल्या.

चिंधीच्या झाडांच्या शेंगा आईने वेगळ्या वाळवल्या आणि त्या कुणाला चोळू दिल्या नाहीत. ओटीवर सूप घेऊन ती एकटी बसली. बाबा तिच्याकडे बघत होते. मुलगी आणि जावई त्या दिवशी पुन्हा आले होते. दाणे सुपात पडत होते, बारीक, तांबूस, भरलेले. शेवटी आईने सूप पाखडलं आणि दाण्यांत हात फिरवला.

"पुरंल," ती म्हणाली.

मला इतकं हलकं वाटलं की मी परत एकदा माफी मागायला तोंड उघडलं. आईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "राख चाळून आण."

"म्हणजे एकदा तरी वालाचं बिरडं?" बाबांनी विचारलं.

"एक दाणा मिळणार न्हाय, बाकीचा पण पेरायलाच लागंल. पुढल्या साली."

"पुढल्या साली मी असलो तर."

"नसलात तर तेवढंच बी वाचंल."

मी चाळलेली राख आणली. आईने मडकं भरायला घेतलं, आणि अर्ध्यात थांबली. उरलेले दाणे तिने एका फडक्यावर ओतले आणि मुलीला म्हणाली, "ह्ये तू घेऊन जा. तुज्या सासरला जमीन हाय. एकाच मडक्यात ठेवून बगितलं मी, परत तसं करायचं न्हाय. इकडं गेला तर तिकडं राहील." फडक्याची टोकं धरून ती एकदम थबकली आणि जावयाकडे बघितलं. "तुमच्याकडं कुंपणावर वेल न्हाय ना?"

जावई चाचरला. "आहे. घेवड्याचा. खूप जुना आहे. माझ्या आजीने लावलाय."

मग आम्ही सगळेच एकदम हसायला लागलो, जावई सोडून.

"कुणाला आवडतो घेवडा घरात?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांना. आजीला तर फारच."

"मंग झालं," बाबा म्हणाले.

मी जावयाचा हात धरला. लग्नात त्याला द्यायचा उपदेश मला सुचला नव्हता, तो आता सुचला. "आजच सांगा त्यांना. आत्ता. उद्यावर टाकू नका आणि वाईट वाटेल का याचा विचार तुम्ही करू नका. तो त्यांना करू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं, आईच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, आणि मोबाइल काढून अंगणात गेला. "आजी, एक विचारायचं होतं," एवढं ऐकू आलं. मग बराच वेळ फक्त "हो", "नाही गं", "तसं नाही गं". माझी मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. आईने फडक्याची टोकं तशीच चिमटीत धरून ठेवली होती.

तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"ती म्हणते, मला कुणी शहाणपण शिकवू नका. आधी ती माशी दाखवा, मग बघू."

"बरोबर हाय बाईचं," बाबा म्हणाले आणि खुर्चीचे हात धरून सरळ बसले. "दाखवायला पायजेच. रविवारी मी येतो. मला रिक्षात घाला. तुमच्या आजीला म्हणावं, एक म्हातारा येतोय, त्याच्या वेलाचं काय झालं ते सांगायला."

"आन् मी?" आई म्हणाली.

"तू कशाला? तू भांडशील तिच्याशी."

"पान उलटं करून कोण दाखवंल? तुमी वरूनच बगाल."

जावई एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "दोघंही या. जेवायलाच या."

आईने पुरचुंडीची गाठ मारली आणि ती नातीच्या हातात दिली.